पेटीतलं सोन्याचं घड्याळ मोडण्याआधी

(सामुदायिक रेडिओवर पुसद परिसरातल्या एका बचत गटाच्या बायांनी केलेलं भाषण)

 

मागच्या खेपेला आम्ही आलो होतो तेव्हा सोयाबीनच्या बियाण्याची उगवण घरच्या घरी ओल्या पोत्यात कशी तपासायची ते सांगितलं होतं. आजचा विषय ऐकून तुम्ही हसाल. आज आम्ही जुन्या सोन्याच्या घड्याळाबद्दल बोलणार आहोत. ते खरं आहे का, कोणत्या अवस्थेत आहे आणि त्याचे रास्त पैसे किती, हे कसं ठरवायचं.

"घड्याळाशी आपला काय संबंध?" असं आमच्या गटातही बाया म्हणाल्या होत्या. पण जरा आठवून पाहा. पोत, डोरलं, पाटल्या, कानातलं याचा तोळा-मासा आपल्याला झोपेतही सांगता येतो. कोणता दागिना कोणत्या सालात केला, तेव्हा भाव काय होता, मजुरी किती लागली, सगळं तोंडपाठ. आणि त्याच पेटीत, जमिनीच्या कागदांखाली, रुमालात गुंडाळलेलं सासऱ्याचं किंवा वडिलांचं घड्याळ पडलेलं असतं. ते बाप्याचं म्हणून आपण कधी हातात घेतलेलं नसतं. घरातलं एवढंच सोनं असं, ज्याची आपल्याला काही माहिती नाही. आणि ज्याची माहिती नाही, त्यातच माणूस नाडला जातो.

आमच्या गटातल्या एका काकूंचं तसंच होता होता राहिलं.

काकूंचे सासरे फार वर्षांपूर्वी एका जिनिंगमध्ये मुनीम होते. मालकाच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मालकानं खूश होऊन त्यांना मनगटी घड्याळ दिलं. सासरे ते फक्त लग्नाकार्याला लावायचे. ते गेले, पुढे काकूंचे यजमानही गेले, घड्याळ पेटीत राहिलं. मागच्या वर्षी काकूंच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला आठ दिवस होते. तूर निघायला अवकाश होता, सोयाबीन पावसानं गेलं होतं. जुन्या वस्तू घेणारा एक माणूस गावात आला. त्यानं घड्याळ उलटसुलट केलं, कानाला लावलं आणि म्हणाला, "बंद हाये बाई. वरून पाणी दिलेलं पितळ. तरी तुमची अडचण हाये म्हणून आठ हजार देतो."

काकू द्यायलाच निघाल्या होत्या. पण त्यांच्या सासूबाई, आमच्या आजी, ओट्यावर बसल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "पितळ हाये तर आठ हजार कायचे देतो गा?"

मायबहिणींनो, सगळ्यात पहिली परीक्षा हीच. वस्तू वाईट आहे म्हणणारा माणूस ती सोडायला तयार नसेल, तर थांबायचं. काकू थांबल्या. त्या माणसाला "उद्या या" म्हणून सांगितलं आणि दुपारी त्या गटाच्या बैठकीत घड्याळ घेऊन आल्या. त्यानंतर जे आम्ही शिकलो, ते आज तुम्हाला सांगतो.

आपण कापूस बाजारात नेतो तेव्हा काय होतं? खरेदीदार गाडीत हात घालतो, धागा ओढून पाहतो, ओलावा मोजतो, कवडी पाहतो. आठ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर भाव कापतो, बाराच्या वर गेला तर सरकारी केंद्रावर माल घेतच नाहीत. म्हणजे एका गाडीच्या भावात चार गोष्टी वेगवेगळ्या मोजलेल्या असतात. घड्याळाचंही तसंच आहे. एक त्यातलं सोनं. दुसरं आतलं मशीन आणि घड्याळाची अवस्था. तिसरं त्याचं नाव, म्हणजे कोणत्या कंपनीचं आणि किती जुनं. या तीन गोष्टी वेगवेगळ्या पाहायच्या. जो तिन्ही एकत्र करून एक आकडा सांगतो, त्याचा आकडा धरायचा नाही.

आता पहिली गोष्ट, सोनं.

सोनेरी दिसणारी घड्याळं तीन जातींची असतात. एक, केस पूर्ण सोन्याची. केस म्हणजे मशीन ज्या डबीत बसवलेलं असतं ती डबी. दुसरी जात, पितळेवर किंवा दुसऱ्या धातूवर सोन्याचा पातळ पत्रा दाबून बसवलेला. याला गोल्ड फिल्ड किंवा रोल्ड गोल्ड म्हणतात. तिसरी जात, सोन्याचं पाणी दिलेलं, म्हणजे गोल्ड प्लेटेड. आपल्याकडच्या पेट्यांत सगळ्यात जास्त सापडते ती तिसरी जात.

ओळखायचं कसं? घड्याळाच्या मागच्या झाकणावर बाहेरून आणि आतून काय कोरलं आहे ते वाचायचं. झाकण घरी सुरीनं उघडायचं नाही. सुरी घसरली की केसवर ओरखडा पडतो, नाहीतर मशीनला लागते. घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे जायचं. त्याच्याकडे झाकण उघडायचं हत्यार असतं आणि डोळ्याला लावायचं भिंग असतं. आपल्यासमोर उघडायला सांगायचं आणि आपणही भिंगातून पाहायचं. लाजायचं नाही.

सोन्याच्या केसवर बहुतेक वेळा कॅरेटचा आकडा असतो. इंग्रजी आकड्यात १८ आणि पुढे के, किंवा ७५०. दोन्हीचा अर्थ एकच, हजारात साडेसातशे भाग सोनं. ५८५ म्हणजे १४ कॅरेट. ३७५ म्हणजे ९ कॅरेट. आपले दागिने बावीस कॅरेटचे, म्हणजे ९१६ चे असतात. घड्याळाची केस बावीस कॅरेटची सहसा नसते, कारण ते सोनं मऊ पडतं. म्हणून १८ किंवा १४ वाचून "हलकं सोनं आहे" असं कोणी म्हणालं तर घाबरू नका. घड्याळात तेच चांगलं सोनं.

स्वित्झर्लंडमध्ये बनलेल्या जुन्या घड्याळांवर आकड्याबरोबर एक बारीक चित्रही असतं. १८ कॅरेटच्या केसवर एका बाईचं डोकं, बाजूनं पाहिल्यासारखं. १४ कॅरेटच्या केसवर खार. ही चित्रं तिथल्या सरकारी तपासणीची. १९९५ पासून त्यांनी दोन्ही बदलून कुत्र्याच्या डोक्याचं चित्र सुरू केलं. म्हणजे बाईचं डोकं दिसलं तर घड्याळ १९९५ च्या आधीचं.

काकूंच्या घड्याळाचं झाकण पुसदच्या दुरुस्तीवाल्या काकांनी उघडलं. त्यांनी भिंग काकूंच्या हातात दिलं. काकूंनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "एक बाई दिसून राहिली." आम्ही सगळ्या जणी पाळीपाळीनं पाहून आलो.

पण आकडा दिसला म्हणून लगेच हुरळायचं नाही. आकड्याच्या पुढचा शब्द वाचायचा. "१४ के गोल्ड फिल्ड" असं लिहिलेलं असेल तर ती केस सोन्याची नव्हे, पत्रा चढवलेली. काहींवर १/२० असा अपूर्णांकही असतो. म्हणजे वजनाच्या वीस भागांत एक भाग त्या कॅरेटचं सोनं, बाकी साधा धातू. "१० मायक्रॉन", "२० मायक्रॉन" लिहिलं असेल तर तो थराच्या जाडीचा आकडा आहे, कॅरेटचा नाही. दहा मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. अख्ख्या घड्याळावरचा तेवढा थर गोळा केला तरी ग्रॅमचा छोटासा हिस्सा भरेल, आणि तो काढण्याचा खर्चच जास्त. "बेस मेटल" किंवा "स्टेनलेस स्टील बॅक" हे शब्द असतील तर तिथेच समजायचं की पूर्ण सोन्याची केस नाही. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीला सोबत न्या.

पुढे डोळ्यानं पाहायचं. पट्टा जिथे अडकवतात ते चार कान, केसच्या कडा, आणि मागची बाजू जी मनगटाला घासते, या जागा आधी झिजतात. तिथे खालून पांढरट किंवा लालसर धातू डोकावत असेल, हिरवट गंज असेल, तर ते पाणी दिलेलं. पूर्ण सोन्याच्या केसवर ओरखडा पडला तरी ओरखड्याच्या आत तोच रंग राहतो.

काही जणी चुंबक लावून पाहतात. चुंबकाला केस चिकटली तर सोनं नाही हे खरं. पण पितळही चिकटत नाही. म्हणून चिकटली नाही याचा अर्थ सोनं आहे असा होत नाही. आणि घड्याळाला चुंबक लावूच नका, आतली बारीक स्प्रिंग बिघडते आणि घड्याळ पुढे पळायला लागतं. घरी तेजाब लावायचं तर अजिबात नाही. हात भाजतो आणि वस्तूही जाते.

सराफाकडे दोन प्रकारे तपासतात. कसोटीवर कस लावून, नाहीतर यंत्रात ठेवून. यंत्र वरचाच थर वाचतं. म्हणून एकाच जागी नाही, तर झाकणाच्या आतून, कानाच्या मागून, अशा दोन-तीन जागी वाचायला सांगायचं. सगळीकडे जवळपास सारखा आकडा आला तर भरवसा धरायचा. कस लावायचा असेल तर कानाच्या आतल्या बाजूला लावा म्हणायचं, दिसेल अशा जागी नाही. शंका राहिली तर बीआयएसची मान्यता असलेल्या हॉलमार्क केंद्रात आपणही वस्तू नेऊन शुल्क भरून तपासून घेऊ शकतो. ते फक्त दुकानदारांसाठी नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आता नवीन दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक असतो. एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय दागिना विकता येत नाही. पण हॉलमार्कची सक्ती २०२१ मध्ये आली तेव्हाच घड्याळांना त्यातून सूट दिली होती. त्यामुळे "यावर हॉलमार्क नाही, म्हणजे खोटं" असं कोणी जुन्या घड्याळाबद्दल म्हणालं तर ते बरोबर नाही.

आता हिशोब. पेन-पाटी घेऊन बसा.

घड्याळ आहे तसं काट्यावर ठेवून भाव करायचा नाही, विकतानाही नाही आणि घेतानाही नाही. त्यात पोलादी मशीन आहे, काच आहे, पट्टा आहे. दुरुस्तीवाल्याकडून मशीन आणि काच बाहेर काढून नुसत्या केसचं वजन करायचं. काकूंचं घड्याळ पट्ट्याशिवाय २२ ग्रॅम भरलं. नुसती केस ११ ग्रॅम. अर्ध्यावर आलं. पण हे ११ ग्रॅम खरे.

आता ११ ग्रॅम गुणिले ७५० भागिले हजार. उत्तर ८.२५ ग्रॅम. एवढं शुद्ध सोनं. शुद्ध सोन्याचा त्या दिवसाचा भाव पेपरात, मोबाईलवर मिळतो. हिशोबाला सोपं जावं म्हणून आपण दहा ग्रॅमला एक लाख धरू. म्हणजे ग्रॅमला दहा हजार. ८.२५ ग्रॅमचे झाले ८२ हजार ५००. सराफ गाळताना घट धरतो. समजा तीन टक्के धरली, तर २ हजार ४७५ वजा. हातात ८० हजार २५. कुठे आठ हजार आणि कुठे ऐंशी हजार.

तीच केस १४ कॅरेटची असती तर शुद्ध सोनं भरलं असतं ६.४३ ग्रॅम, आणि ९ कॅरेटची असती तर ४.१२ ग्रॅम. म्हणून कॅरेट कळल्याशिवाय वजनाला अर्थ नाही, आणि वजन कळल्याशिवाय कॅरेटला.

तीन गोष्टी विचारायच्या. एक, तुम्ही भाव कोणता धरला, चोवीस कॅरेटचा की बावीसचा? दोन, तोळा किती ग्रॅमचा? आपल्याकडे आता तोळा म्हणजे दहा ग्रॅम म्हणतात, पण जुना तोळा साडेअकरा ग्रॅमच्या वर होता. आजीला विचारा, ती जुनाच सांगेल. म्हणून बोलणं ग्रॅममध्येच करायचं. तीन, घट किती टक्के? हे कागदावर लिहून मागायचं. आणि काट्यावर वैध मापन विभागाचा यंदाचा शिक्का आहे का ते पाहायचं. हे पाहायचा आपल्याला हक्क आहे.

हे झालं सोनं. ही घड्याळाची सगळ्यात खालची किंमत. याच्या खाली उतरायचं नाही. पण चांगल्या घड्याळाची किंमत इथे संपत नाही, आणि पुष्कळ घरं नेमकी इथेच चुकतात. केस गाळायला देतात आणि मशीन लेकराला खेळायला.

म्हणून आता दुसरी गोष्ट, अवस्था.

आधी तबकडी पाहा, म्हणजे डायल. मूळची आहे की पुन्हा रंगवलेली? मुंबईत जुन्या घड्याळांच्या डायली नव्यानं रंगवून, वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून विकायचा मोठा धंदा आहे. परदेशातले शौकीन अशा घड्याळांना "मुंबई स्पेशल" म्हणतात आणि त्यांना फार कमी पैसे देतात. रंगवलेली डायल चकचकीत असते. अक्षरं जाड किंवा वाकडी, आकडे रेषेत नाहीत, भडक रंग. खाली सहा आकड्याजवळ जे "स्विस मेड" बारीक लिहिलेलं असतं ते कित्येकदा गायब. मूळची डायल जुनी, पिवळट, एखाद्या डागाची असली तरी शौकिनाला तीच हवी असते. आपण हिशोब उलटा करतो. नवं दिसतं ते चांगलं म्हणतो.

मग काटे एकमेकांशी जुळतात का, काच मूळची आहे का, चावी बदललेली आहे का. मशीनवर कंपनीचं नाव आहे का, आणि डायलवरचं व मशीनवरचं नाव एकच आहे का. मशीनला गंज लागला आहे का. घड्याळ बंद असणं हे फार मोठं दुखणं नाही. वर्षानुवर्षं पडून तेल वाळतं आणि घड्याळ अडकतं. साफ करून तेल दिलं की पुष्कळदा चालतं. म्हणून "बंद आहे" म्हणून कोणी भाव पाडला तर दुरुस्तीचा खर्च किती ते विचारून तेवढाच वजा करा. पण बंद घड्याळाला जोरानं चावी देत बसू नका. अडकलेल्या मशीनची स्प्रिंग तुटते.

डायलवर "१७ ज्वेल्स" लिहिलेलं असतं. आमच्यातल्या एकीला वाटलं, आत सतरा हिरे आहेत. हिरे नाहीत. फिरणाऱ्या चाकांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेले ते कारखान्यात बनवलेल्या माणकाचे बारीक खडे आहेत. मशीन बरं असल्याची ती खूण आहे. पण काढून विकायला गेलं तर त्यांचे काही पैसे येत नाहीत. कोणी त्यांचे वेगळे पैसे मागितले तर देऊ नका.

आणि एक कळकळीची विनंती. विकायच्या आधी घड्याळ घासू नका. आमच्यातल्याच एकीनं जोडवी-पैंजण घासतो तसं चिंच लावून घड्याळ घासलं आणि रिठ्याच्या पाण्यात बुडवलं. काचेच्या आत ओल गेली, डायलवर डाग पसरला. कोरड्या मऊ कपड्यानं पुसा, बस्स. पॉलिशही करू नका. पॉलिशनं सोनं झिजतं, कडा गोल होतात आणि आतली-बाहेरची कोरलेली अक्षरं पुसली जातात. ज्या अक्षरांवर आपली किंमत उभी आहे, तीच आपण घासून टाकतो.

तिसरी गोष्ट, नाव. स्वित्झर्लंडची फाव्र-ल्यूबा, वेस्ट एन्ड अशी घड्याळं मुंबईतून पिढ्यानपिढ्या आपल्याकडे येत होती. नाव जुनं असलं म्हणजे किंमत मोठीच, असं नाही. पण शोध घेतल्याशिवाय गाळायला देऊ नये. मोबाईलवर तेच नाव, तीच डायल शोधा. मात्र लोकांनी मागितलेली किंमत धरू नका, प्रत्यक्ष विकलं गेलं ती धरा. बाजार समितीत कोण किती बोलतो आणि पट्टी किती रुपयांची निघते, यातला फरक आपल्याला सांगायला नको.

काकूंसाठी आम्ही तीन ठिकाणी विचारलं. पहिल्या ठिकाणी न मोजता आकडा सांगितला. आम्ही उठून आलो. दुसऱ्यानं केस वेगळी तोलली, तीन जागी तपासली आणि हिशोब कागदावर लिहून दिला. तिसरं, दुरुस्तीवाल्या काकांच्या ओळखीनं नागपूरच्या एका शौकिनाला फोटो पाठवले. डायल मूळची होती. त्यानं सोन्याच्या किमतीवर नऊ हजार जास्त देऊ म्हटलं, पण प्रत्यक्ष पाहायला यायला त्याला तीन आठवडे लागणार होते.

आणि फी भरायला उरले होते पाच दिवस.

मायबहिणींनो, आमच्या मते सगळ्यात मोठी घट हीच. सराफ तीन टक्के कापतो, घाई दहातले नऊ रुपये कापते. तो आठ हजारवाला माणूस घड्याळ ओळखत होता आणि काकूंची घाईही ओळखत होता. त्यानं भाव घाईचा केला होता. म्हणून गटानं त्या दिवशी ठराव केला आणि बचतीतून काकूंना फीपुरतं कर्ज दिलं. पोरीचा प्रवेश झाला. घड्याळाला तीन आठवडे मिळाले. ते विकलं गेलं तेव्हा पैसे काकूंच्या बँक खात्यात आले, विक्रीची चिठ्ठी दोघांच्या सहीनं झाली, आणि पुढच्या बैठकीत काकूंनी कर्ज व्याजासकट फेडलं.

कोणी म्हणेल, गहाण का नाही ठेवलं? बँकेत सोनंतारण दागिन्यांवर मिळतं, घड्याळ घ्यायला बँक सहसा तयार होत नाही. मग बाई सावकाराकडे जाते. जावंच लागलं तर त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायद्यानं परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. गहाण वस्तूची पावती घ्या आणि पावतीवर नुसतं "एक घड्याळ" लिहू देऊ नका. नाव, कॅरेट, केसचं वजन, झाकणावरचा नंबर, सगळं लिहून घ्या. फसवणूक झाली तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

आता विकत घेण्याबद्दल दोनच शब्द. बसस्टँडवर, यात्रेत कोणी सोन्याचं घड्याळ स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. खोटं असेल तर पैसे गेले, आणि खरं असेल तर चोरीचं असू शकतं. चोरीचा माल माहीत असून घेणं हाही गुन्हाच आहे.

काकूंची गोष्ट ऐकून गटातल्या एक मावशीही घड्याळ घेऊन आल्या. एचएमटीचं, पातळ, सुंदर, चावीचं. डायलवर नावच "सोना". मावशींच्या लग्नात त्यांच्या वडिलांनी जावयाला दिलेलं. तेव्हा घड्याळ, सायकल, रेडिओ यांच्यावर लग्नं अडायची हे तुम्हाला ठाऊक आहे. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, पण मांडवात कोण विचारतो? वडिलांनी त्या सालचा कापूस विकून ते आणलं होतं. "माझ्या बापानं सोन्याचं घड्याळ दिलं," हे मावशींनी सासरी जन्मभर सांगितलं होतं. नातीच्या लग्नाला ते मोडायचं, असं त्यांनी मनात धरलं होतं.

दुरुस्तीवाल्या काकांनी झाकण पाहिलं आणि हळूच सांगितलं, "मावशी, हे नाव सोना आहे. वरून सोन्याचं पाणी आहे."

मावशी काही बोलल्या नाहीत. परतीच्या ऑटोत म्हणाल्या, "मंग माह्या बापाला फसवलं का कोणी?"

आम्ही सांगितलं, नाही मावशी. एचएमटी सरकारी कंपनी होती. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं १९६१ मध्ये बेंगळुरूला त्यांचा घड्याळाचा कारखाना निघाला. प्लेटेड घड्याळ त्यांनी प्लेटेड म्हणूनच विकलं. सोन्याचं आहे हे आपल्या मांडवात ठरलं. २०१६ मध्ये सरकारनं ती घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं, आणि आता जुन्या एचएमटीचेही शौकीन आहेत. चालू, मूळ डायलचं घड्याळ असेल तर थोडे पैसे येतात. सोन्याएवढे नाही. मावशींनी तेल-पाणी करून घेतलं. घड्याळ चालू झालं. आता ते त्यांच्या नातीच्या हातात आहे, आणि लग्नासाठी मावशींनी गटात वेगळी बचत सुरू केली आहे. खोटी आशा वेळेवर कळली, हाही फायदाच. लग्नाच्या आदल्या दिवशी सराफाच्या दुकानात कळली असती तर?

शेवटचं. घड्याळ पुरुषाचं म्हणून ते मुलाकडेच जातं असं धरू नका. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र न करता माणूस गेला, तर त्यानं स्वतः कमावलेल्या वस्तूंत बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा वाटा असतो. मुस्लिम भगिनींचा कायदा वेगळा आहे, पण मुलीचा आणि बायकोचा हिस्सा तिथेही आहे. काकूंनी विकण्याआधी सासूबाईंना आणि नणंदेला घरी बसवून विचारलं, दोघींच्या सह्या घेतल्या. नणंद म्हणाली, "पोरगी शिकली म्हणजे बाबांचं घड्याळ चालू झालं." तिनं आपला वाटा पोरीच्या पुस्तकांना दिला. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. तिला विचारलं होतं, एवढंच.

तर आज घरी गेल्यावर पेटी उघडा. घड्याळ असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा, झाकणाचा आणि डायलचा फोटो काढून ठेवा, आणि घरातल्या मोठ्या माणसांना विचारा की ते कुठून आलं, कोणी दिलं. विकायचं नसलं तरी विचारा. जिला ते सांगता येईल अशी म्हातारी आज आपल्या ओट्यावर बसलेली आहे.

पुढच्या भेटीत तूर साठवताना सोंडा कसा टाळायचा ते सांगू. तोवर नमस्कार.